हौद्यातली माती

लालासाब : सांगितलं तर कुणी खरं मानायचं न्हाय, शालनबाई, म्हणून मी गल्लीत तोंडच उघडत न्हाय. आज आमच्या गैबीनं तालमीच्या हौद्यात अशी लोळण घेतली की पंजाबचा पावणा पैलवान जोर मारायचा थांबला.

(कोल्हापुरातलं एक परसू. सकाळ. बंबात पाणी तापलंय. लाल मातीनं माखलेला पाच वर्षांचा गैबी न्हाणीच्या दगडावर बसलाय.)

शालनबाई : थांबला? तो का थांबला?

लालासाब : माती गेली की त्याच्या डोळ्यांत. एवढा डोंगराएवढा गडी, डोळं चोळत म्हणतोय, ये किसका बच्चा है. म्हटलं, बच्चा न्हाय, नातू हाय लालासाब पैलवानाचा.

नजीरा : पाणी तापलंय, अब्बा. त्याला हिकडं द्या.

लालासाब : थांब गं पोरी. बालवाडीच्या बाई घरी आल्यात आन् तू पोराला आधी धुवून काढतीस? बघू दे की माती त्यास्नी. त्यांनीच सांगितल्याली हाय.

शालनबाई : बघतेय ना, चांगला माखलाय. खरं सांगू का लालासाबचाचा, तुमच्यासारखा आजोबा मला दुसरा मिळाला नाही. बाकीच्यांना किती समजावलं, पोराला पाटीपुढं दाबून बसवू नका. आधी लोळू दे, रांगू दे, हातांवर अंगाचा भार पेलू दे. खांदा बळकट झाला की बोटांत पेन्सिल टिकते. तर म्हणतात, बाई पोरं खेळवायचाच पगार घेते.

लालासाब : त्यास्नी काय कळतंय. बाई, तुम्ही पुस्तकात वाचलं, आम्ही मातीत वाचलं. मानेपासनं मेंदूपतोर सगळं मातीतच तयार हुतंय.

शालनबाई : मग काय काय खेळ घेता त्याचे?

लालासाब : आधी लोळायचं, हिकडनं तिकडं, भोपळ्यागत. मग बैठका मारणाऱ्या पैलवानांच्या पायांमधनं रांगत जायचं. पैलवान खाली यायच्या आत पार व्हायचं. न्हाय झालं तर पापड.

शालनबाई : अहो, बेतानं.

लालासाब : पापड झाला न्हाय अजून. आन् आज तर काय झालं, लोळता लोळता पाठीनं मातीत अ काढला. ज्ञानू फावडं घिऊन हौदा खणायला आलता, तो तसाच हुबा. म्हणतोय, चाचा, अक्षरावर फावडं कसं मारू? आज बिनखणल्या मातीत कुस्त्या झाल्या.

नजीरा : अ काढला?

लालासाब : ठळक. वरच्या रेघेसकट.

शालनबाई : नजीरा, तू हसत नाहीस गं. एकदा जाऊन बघ तरी, मजा वाटेल.

नजीरा : तालमीत बायामाणसं जात न्हाईत, बाई. उंबऱ्याजवळ बी न्हाय. अब्बा सांगत्यात तेवढंच मला दिसतंय.

शालनबाई : तेही खरंच. आणि घरातलं? दिवाळीआधी वाकळेवर किती सुरेख हातगाडा करायचा हा. तू पाय उचलून धरायचीस आणि हा हातांवर चालायचा.

नजीरा : बंद केलं ते. अब्बा म्हटलं, वाकळंवर काय खेळतंय पोरगं, मऊ पडंल. तालमीची माती लागली की घरात काय करायला नगं. मग मी सकाळची पैंजणांच्या कड्या जोडत बसती. हुपरीचा चांदीचा माल येतोय.

लालासाब : बरोबर हाय की. एका पोराला दोन उस्ताद कशाला?

शालनबाई : तालमीत रोज होतंय म्हटल्यावर चालेल. मी मुद्दाम आज आले, कारण हेडगुरुजींनी शाळेत घालण्यासाठी उद्या याला घेऊन बोलावलंय. गेल्या साली त्यांनी माघारी धाडला होता, आठवतंय ना? दोन घटका बसेना, पेन्सिल धरेना, चालताना पडायचा. यंदा मी त्यांना शब्द दिलाय, पोरगं तयार आहे म्हणून. यंदा माघारी फिरला तर पुन्हा आणू नका म्हणालेत.

लालासाब : उद्या गुरुजींनाच पाटी खाली ठेवावी लागती का न्हाय बघा.

शालनबाई : हातगाडा तालमीतही घेता ना?

लालासाब : घेतो म्हंजे? सगळा हौदा फिरवून आणतो. ह्या हातानं पाय धरतो. हे मधलं बोट दिसतंय का, वर उचलल्यालं? खासबागेच्या कुस्तीत म्हैसूरच्या गड्यानं मोडलं. तवापासनं कशालाच टेकत न्हाय. सलाम करताना बी हे एकटंच आभाळाकडं. पर त्या गड्याची मान अजून वाकडी हाय, त्याचं जेवण बाजूनं वाढावं लागतंय.

शालनबाई : चल गैबी, मला दाखव बघू तुझा हातगाडा. मी धरते पाय. टेक हात जमिनीवर. शाब्बास. आता उचलते हं. अरे, कोपर का दुमडतंय? पुन्हा टेक. सरळ हात. नजीरा, याचे हात थरथरतायत गं.

लालासाब : दमलाय. आत्ताच तर हौद्यातनं आलाय.

नजीरा : दिवाळीत चुलीपासनं उंबऱ्यापतोर जायचा.

लालासाब : बायामाणसांत लाजतोय तो. पैलवान गडी हाय.

शालनबाई : राहू दे, राहू दे. बस बाळा. हात लागला का? दाखव तळवे. हे तर अगदी स्वच्छ आहेत.

लालासाब : मी धुतलं की, विहिरीवर.

नजीरा : तळवं धुतलं आन् पाठ तशीच आणली?

लालासाब : पाठीची माती अंगात मुरावी लागती, पोरी. तुला काय ठावं?

नजीरा : मला मातीचं ठावं हाय, अब्बा. तुमचं लंगोट धुण्यात माझं लहानपण गेलं. तालमीच्या मातीत ताक-हळद मुरवत्यात; ताकाचा आंबूस वास, हळदीचा डाग, सात पाण्यांत निघायचा न्हाय. गैबीच्या चड्डीला आजपतोर हळद लागली न्हाय. ही माती कुंभारगल्लीची हाय.

लालासाब : औंदा हौद्यात नवी माती टाकलीया. अजून ताक पाजायचंय तिला.

शालनबाई : लालासाबचाचा, हा तालमीत आत जातो ना?

लालासाब : जातो म्हंजे? पंजाबच्या पावण्यानं खांद्यावर घिऊन सगळ्या तालमीला दाखवला त्याला. धिप्पाड धिप्पाड पोरं, माझ्या हाताखाली तयार झाल्याली, सगळी बघत हुती. खाली ठेवला, तर हा तुरूतुरू चालत माझ्याकडं आला. एकदा बी पडला न्हाय. सगळ्यांनी बघितलं, बाई. एकदा बी न्हाय.

शालनबाई : मग आत्ता दारातून आत येताना कसा धडपडला?

लालासाब : उंबरा उंच हाय आमचा.

नजीरा : मी रोज इचारायची, आज काय केलं. तुम्ही सांगायचा. मी कड्या जोडता जोडता हसायची. शेजारच्या हुसेनबीला सांगायची. रातच्याला त्याचे हात चेपताना मऊच लागायचे, तर मला वाटायचं, माझीच घाई हाय. अब्बा रोज नेत्यात, अब्बांना कळतंय. तुमच्या भरवशावर मी वाकळ गुंडाळून माळ्यावर टाकली.

लालासाब : मग न्हेत न्हाय का मी रोज? पाऊस असू दे, थंडी असू दे.

नजीरा : न्हेता कुठं, ते इचारलं.

लालासाब : तालमीत. खोटं वाटत असंल तर ज्ञानूला बोलीव. त्या पंजाब्याला बोलीव. बाईंच्या समोर बापाला खोटं पाडतीस व्हय गं?

नजीरा : मी कशाला पाडू. बाई, त्याला जरा वळवा हिकडं. बघा, लोळल्यालं हाय का फासल्यालं? खांद्यापासनं कंबरंपतोर बोटं उठल्यात. चारातली तीन. मधलं न्हाय, अब्बा.