अटी वाचून दाखव

अरे यार, नव्व्याण्णव रुपयांत क्रीमची एक ट्रायल डबी मागवली होती मी. तेव्हापासून दर महिन्याला नवी डबी येते आणि कार्डावरून दीड हजार आपोआप कापले जातात! बंद करायला तीनदा फोन केला. दरवेळी कंपनीची मुलगी गोड बोलून मला गुंडाळायची. चौथ्यांदा आईने माझ्या हातातून फोनच काढून घेतला आणि स्पीकरवर टाकला. आई तीस वर्षं शाळेत मास्तरीण होती.

"बेटा, बंद क्यों नहीं होगा?"

"मॅडम, शर्तों में लिखा है."

"अच्छा? तो पढ़ के सुनाओ. ज़ोर से."

बिचारी वाचायला लागली. भरभर वाचलं की आई थांबवायची, "फिर से. पूर्णविराम पे रुको."

अर्ध्या तासाने ती एका वाक्यापाशी आली: 'ग्राहक फ़ोन करके कभी भी बंद करवा सकता है.'

"यही लाइन दस बार पढ़ो."

तिसऱ्या वेळी तिचा धीर सुटला. "मॅडम, कर दिया बंद!" लगेच माझ्या मोबाइलवर मेसेजही आला.

मी फोन घ्यायला हात पुढे केला. आईने तो झटकला आणि म्हणाली, "बेटा, अभी सात बार बाकी है."