मऊ करायला दिलेला किमोनो

फुसा : अहो, आजची एकच रात्र. उद्या सकाळी घडी घालून हातात देते.

गेंझो : हे तू परवाही म्हणालीस. किमोनो तेराउचीसाहेबांचा आहे, फुसा. तुला रात्री घालून मऊ करायला दिलाय, आंदण नाही दिलेला.

फुसा : मग स्वतः झोपायचं होतं घालून.

गेंझो : मोठी माणसं आपल्या नव्या कापडाची खळ आपण मोडत नाहीत. नवं कोरं रेशीम घातलं की माणूस कालच श्रीमंत झाल्यासारखा दिसतो. साहेबांना आजोबांपासून श्रीमंत दिसायचंय.

फुसा : खळ कधीच गेली.

गेंझो : मग दे की! खांदे बघ, नुसतं लोणी झालंय.

फुसा : आई येते.

गेंझो : कुठे?

फुसा : स्वप्नात. हा अंगात असला तरच. मधे एकदा माझा सुती घालून झोपले, तर नुसता अंधार.

गेंझो : हं... याचा धागा त्यांनीच काढलेला ना?

फुसा : शेवटचा. बोट जिभेला लावायची, रेशीम ओढायची. सगळा धागा तिच्या थुंकीनं वळलाय.

गेंझो : ते साहेबांना ठाऊक आहे. आठवण करून द्यायची नसते.

फुसा : स्वप्नातही तेच करते. नदीवर धुकं, आई काठाला बसलेली. रेशमाचा पुंजका संपतच नाही, जणू धुकंच ओढतेय. माझ्याकडे बघत नाही.

गेंझो : जिवंतपणी तरी कुठे बघायच्या! मी जावई म्हणून या घरात आलो, तर मान हलवली, झालं. तोंड कायम कामात.

फुसा : काल तिनं बोट तोंडातून काढलं. हात पुसले. वर बघितलं.

गेंझो : आणि?

फुसा : ओठ हलले. तेवढ्यात तुम्ही घोरलात.

(बाहेरचं दार सरकल्याचा आवाज.)

तेराउची : गेंझोसान, आहात का? किमोनो न्यायला आलोय. रविवारी चहाची बैठक आहे, चार लोकांत मिरवायचाय!

गेंझो : या, साहेब. पण... नाही झाला अजून.

तेराउची : अजून कडक?

गेंझो : गळ्यापाशी.

तेराउची : अरेरे! म्हणजे रविवारी जुनाच घालायचा. बरं, आणखी किती दिवस?

गेंझो : ते आता सासूबाईंवर आहे.

तेराउची : सासूबाई? अहो, त्या गेल्या वर्षी वारल्या ना? मी स्वतः उदबत्ती लावायला आलो होतो.

गेंझो : हो. म्हणून जरा वेळ लागतोय.