तारेला हात

(उभा कडा. त्यात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या, शेजारून वर गेलेली, जागोजागी बोल्टने कड्याला जखडलेली पोलादी तार. प्रत्येकाच्या कमरपट्ट्याला दोरीने बांधलेले दोन हूक. पुढे गाईड, मागे तिचे वडील, त्यांच्या मागे एक शिक्षिका.)

गाईड : बाबा, पायरीला नाही, तारेला. एक हूक मी बोल्टच्या खाली लावून दिलाय तो तिथेच राहू द्या, दुसरा बोल्टच्या वर तारेला लावा. खाली तीनदा सांगितलं.

वडील : पायरी पक्की आहे.

गाईड : पायरी पायासाठी. पाय सटकला तर तारच धरून ठेवणार तुम्हाला.

शिक्षिका : काका तुमचे वडील? मग तासभर दोघं ओळख नसल्यासारखे का उभे होतात?

गाईड : मलाही सकाळी यादीत नाव वाचून कळलं. चार महिने घरात माझ्याशी अवाक्षर नाही, आणि आज हेल्मेट घालून रांगेत.

वडील : तुझ्या आईने पिटाळलं. म्हणाली, पोरीच्या नोकरीला नावं ठेवताय, एकदा डोळ्यांनी बघून या, मग काय ते बोला.

गाईड : बघा ना मग. हूक लावा आणि बघा.

शिक्षिका : घाई नाही हो काका, पण एका पायरीवर किती वेळ उभी राहू?

वडील : दोन मिनिटं, बाई.

गाईड : बाबा, हूक अजून हातातच आहे तुमच्या. उंचीची भीती वाटते?

वडील : उंचीची कसली? बत्तीस वर्षं विजेच्या खांबांवर गेली.

गाईड : मग?

वडील : तार आहे ती. हात पुढे जात नाही.

शिक्षिका : अहो, हिच्यात कुठली वीज?

वडील : डोक्याला कळतं. हाताला कोण समजावणार? माझा जोडीदार असाच वर होता. खालून साहेब म्हणाले, लाईन बंद आहे, लाव हात. त्याने लावला.

गाईड : घरी कधी बोलला नाहीत हे.

वडील : काय बोलायचं? रोज सकाळी तू निघालीस की मला तोच दिसायचा. सांगता येईना, म्हणून अबोला धरला.

गाईड : खाली जायचं का बाबा? मी नेते. त्यात कमीपणा नाही काही.

वडील : ही तार तपासली कोणी?

गाईड : मी.

वडील : कोणी सांगितलं, तू मान डोलावलीस, असं नाही ना?

गाईड : नाही. सहाला आले. खालपासून वरपर्यंत एकेक बोल्ट हाताने हलवून पाहिला. एक ढिला निघाला, तो आवळण्यात वेळ गेला. म्हणून तुम्ही सगळे ताटकळलात.

वडील : त्यामुळे उशीर होय? मी मनात शिव्या घालत होतो.

गाईड : तोंडावर दिसत होत्या.

शिक्षिका : खट् वाजलं. लागला वाटतं काकांचा हूक.

वडील : गार आहे गं तार.

गाईड : ऊन आलं नाही अजून इकडे. आता खालचा हूक.

वडील : कळतंय मला. हा घे, लावला.

शिक्षिका : ताई, मीपण धरू ना तार? नक्की?

वडील : धरा, बाई. पोरीने स्वतः तपासलीय.