भरतीच्या आत घरी

(श्रीवर्धनच्या पुढे, समुद्राच्या वाळूला, पुळणीला लागून असलेलं एक घर. दुपार कलली आहे. जमिनीवर हातानं रंगवलेला खेळाचा पट, सोंगट्या म्हणून रंगवलेल्या सुपाऱ्या, एक लॅपटॉप. दार उघडं.)

अजित : मोज ना. चित्रात मुलं किती?

प्रज्ञा : चार.

अजित : आणि वाळूत पावलं किती जणांची?

प्रज्ञा : थांब, पुसते.

अजित : कालपण पुसलीस यार. माझ्यासमोर पुसलीस. सकाळी नवीन फाइल दिलीस, त्यात परत तेच. चार ओळी घराकडे येतायत आणि ही एक बारकी ओळ उलटी, समुद्रातल्या खडकांकडे, खडपाकडे चाललीय. तेही बॉक्सच्या झाकणावर! कंपनीच्या हेमांगी मॅडम विचारतील, हे कोण, तर काय सांगू?

प्रज्ञा : रंगवताना हात चालतो तसा चालतो. लक्षात नाही राहत.

अजित : दोनदा?

प्रज्ञा : पुसते म्हटलं ना!

अजित : बरं बाई. चिडू नको. आधी ते दार लाव, कार्डं उडतायत माझी.

प्रज्ञा : वर सुपारी ठेव. आमच्याकडे दार लावत नाहीत, आई झोपेपर्यंत.

अजित : एवढ्या वाऱ्यात?

प्रज्ञा : पावसातसुद्धा.

अजित : कमाल आहात. हे ऐक, खालचा मजकूर फायनल करू. एका पानात अख्खा खेळ कळला पाहिजे, कंपनीवाले दुसरं पान उलटत नाहीत. ‘भरतीच्या आत घरी. चार मुलं खडपावर खेळायला गेली आहेत. दर फेरीला भरतीचं एक कार्ड उलटा, पाणी एक ओळ वर चढेल. जो आधी घरी पोचेल तो जिंकला.’ चालेल?

प्रज्ञा : चालेल. पिवळ्या सोंगटीचं काही लिहू नको.

अजित : का पण? सगळ्या खेळात तीच तर भारी आयडिया आहे. कच्चा लिंबू! आमच्या पनवेलच्या सोसायटीत माझा भाऊ असायचा कच्चा लिंबू. आउट व्हायचा नाही, राज्य यायचं नाही, नुसता मागून धावायचा. बाजारात दाखव मला असा दुसरा खेळ.

प्रज्ञा : मॅडमनीच कळवलंय ना, काढा म्हणून?

अजित : कळवलंय. त्यांनी एका शाळेत खेळायला दिला. चौघं घरी पोचली की डाव संपला, पट गुंडाळला. पिवळी सोंगटी खडपावरच. दर वेळी. एकाही मुलाला आठवली नाही. त्या म्हणाल्या, जी कुणाला आठवत नाही तिच्यावर खर्च कशाला?

प्रज्ञा : बरोबर आहे त्यांचं.

अजित : पण खरं सांगू? काल आपण खेळलो तेव्हा मीपण विसरलो. सोंगटी मी आणली, नियम माझा, आणि मीच! पट गुंडाळला तर आत सुपारी खुळखुळली. कसंतरीच झालं मला.

भिमाबाई : चाय घ्या रं. कोन ऱ्हायलं खडपावर?

प्रज्ञा : कुणी नाही आई. खेळातलं आहे.

भिमाबाई : खेळातलंच इचारते मी. बगू. ही आपली पुळन न्हवं? ही सुरूची झाडं, हा आपला ओटा. आनि ही चार पोरं?

अजित : हे खेळाडू, काकू. प्रज्ञानं नावंपण दिलीयत. हा रत्नपाल, ही क्रांती, हा मोरू आणि ही…

भिमाबाई : ही प्रज्ञा.

अजित : हो! तुम्हाला कसं कळलं?

भिमाबाई : आनि ही बारकी पावलं कमळची.

प्रज्ञा : आई, नको ना.

अजित : कमळ कोण?

भिमाबाई : हिची धाकटी. तुला सांगितलं न्हाय हिनं?

अजित : नाही. प्रज्ञा, दोन वर्षं आपण हा खेळ करतोय.

प्रज्ञा : कच्चा लिंबू तू आणलास, अजित. त्या दिवशी तू पिवळी सुपारी पटावर ठेवलीस आणि मी उठून बाहेर गेले. तुला वाटलं, मला फोन आलाय.

अजित : मला खरंच माहीत नव्हतं गं.

प्रज्ञा : तिसरीत होते मी. खडपावर लपाछपी चालली होती. भरती लागली तसे सगळे धावत सुटलो. आईनं आतून विचारलं, आली का समदी? मी दारात उभी राहून मोजलं. रत्नपाल होता, क्रांती होती, मोरू होता, मी होते. म्हटलं, आली.

अजित : आणि कमळ?

प्रज्ञा : कच्च्या लिंबाला मोजत नाहीत.

भिमाबाई : खोटं न्हाय सांगितलं तिनं, बाबा. तिनं तिचा डाव मोजला. पन मला डाव कुठं मोजायचा होता? मला पोरी मोजायच्या होत्या. मी चुलीम्होरं बसून इचारलं, उठून बगितलं न्हाय. आनि ‘रडते गो ती, घ्या तिला कच्चा लिंबू म्हनून’ असं सांगून मागं लावून दिली कोनी? मीच.

अजित : म्हणून काल संध्याकाळी तुम्ही ओट्यावर उभ्या राहून पुळणीवरनं येणारी मुलं मोजत होतात?

भिमाबाई : हसतात ती मला. हसू देत. आपन भूतबित मानत न्हाय. हिच्या बापानं घरात तसलं कदी बोलूच दिलं न्हाय. पन ती सापडली न्हाय रं. दार लावाय गेलं की हात थांबतो. वाटतं, एक हाय अजून भायेर.

प्रज्ञा : म्हणून म्हणते, काढ ती सोंगटी. दुकानात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकू का मी तिला? आणि घराघरांतली मुलं दर डावाला तिला खडपावर ठेवून घरी येणार! एकदा झालं तेवढं पुरे नाही का?

भिमाबाई : काडलीस तर जाईल व्हय? पावलं तर पुसता येईनात तुला.

प्रज्ञा : मग काय करू मी?

भिमाबाई : रडू नको. बाबा, मला सांग, तुमच्या खेळात मोजतं कोन?

अजित : मोजत कुणीच नाही काकू. जो आधी घरी, तो जिंकला.

भिमाबाई : तितंच चुकलं तुमचं. ती आल्याबिगर कोनी जिंकलं म्हनायचं न्हाय. जो आदी घरी आला, त्यानं माघारी जायचं. तिला घेऊन यायचं.

अजित : म्हणजे पाणी चढतंय, स्वतः सुखरूप पोचलाय, आणि परत फिरायचं?

भिमाबाई : व्हय. आनि ती संगं असली की एकेकच पाऊल टाकायचं. बारके पाय तिचे.

अजित : आईशप्पथ. प्रज्ञा, हा खेळ आहे! आपण जो केला होता तो खेळच नव्हता.

प्रज्ञा : आणि भरती आधी पोचली तर?

भिमाबाई : तर समदी हरली. तसंच झालं ना आपलं?

अजित : मॅडम नाही म्हणाल्या तर?

प्रज्ञा : तर नाही. दुसरीकडे दाखवू. पण तिला काढून नाही पाठवायचं. पावलंपण राहू देत झाकणावर.

अजित : नक्की?

प्रज्ञा : नक्की. फक्त बाजूला परतीची ओळ काढते. दोघींची.

भिमाबाई : आदी खेळून बगा. मलाबी घ्या. मी मोरू. त्यो लई पळायचा.

अजित : मग रत्नपाल आणि क्रांती मी घेतो. काकू, तुम्ही टाका फासा.

भिमाबाई : घे. पळाला मोरू.

अजित : माझे दोघं सुरूत अडकले. प्रज्ञा, तू तर पोचलीससुद्धा.

भिमाबाई : पोचली ना? आता फीर माघारी.

प्रज्ञा : आई, पाणी पार खडपाला लागलंय.

भिमाबाई : म्हनूनच म्हनते, फीर.

अजित : सहा पडले! गेलीस तू खडपावर. आता उचल तिला.

प्रज्ञा : घेतली तिला.

भिमाबाई : सोडू नको. धर तिला. आता हळू. एकेक पाऊल.

अजित : माझे दोघं आले. मोरूपण आला. भरतीचं एकच कार्ड उरलंय, प्रज्ञा.

प्रज्ञा : सुरूची झाडं ओलांडली. अंगण. ओटा.

अजित : पोचलात! दोघीपण पोचलात!

भिमाबाई : थांब. असं नको. मोज आदी.

प्रज्ञा : रत्नपाल. क्रांती. मोरू. मी.

भिमाबाई : आनि?

प्रज्ञा : आणि कमळ.

भिमाबाई : आता लाव दार. कार्डं उडतायत त्याची.