तापाचं कशाला बोललीस?

"तापाचं कशाला बोललीस? आता एकही आई यायची नाही," म्हणत मैत्रिणींनी नौशीनला फैलावर घेतलं होतं. कॉलेजच्या या पोरी गावोगाव बाळांच्या लसीचं सांगत फिरायच्या; लसीनंतर ताप येतो, हे नौशीन आयांना आधीच सांगून टाकायची. शिरपूरच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत नौशीन एकटी बसली होती, उन्हाचं तोंडाला ओढणी बांधून. मागच्या बाकावर एक म्हातारी मांडीवरच्या नातवाला थोपटत होती. शेजारच्या तरण्या बाईने विचारलं,

"अक्का, नातूले लसनी सुई दिन्ही का?"

"दिन्ही ना. कॉलेजन्या पोरी घर उन्यात सांगाले."

"मना पोरले एक दिन्ही व्हती. लगेच ताप उना. सासू म्हने, आते परत नको."

"आमना नातूले भी उना."

"मंग? घाबरनात नही?"

"कसाले? एक पोरनी आधीच सांगेल व्हतं, ताप येई, मांडी सुजी, एक-दोन दिनमा उतरी जाई."

"आनि तू तिन्हं ऐकं?"

"अव, बैल इकनारा कधी सांगस का, बैल मारका शे म्हनीसन? हाई पोर सोता सांगी गयी. ती खोटी कशी व्हई?"

"आमले कोनीच नही सांगं."

"म्हनीसन तर घाबरनात तुम्ही."

"आते उशीर व्हई गया व्हई, अक्का. राहिन्यात त्या सुया."

"नाही ताई, राहिलेल्या सुया अजून देता येतात," नौशीन मागे वळली. तिने तोंडावरची ओढणी खाली ओढली. "पण ताप येईल हं."