बोटीचं बारसं

आमचं मूळ मालवणचं. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा ते कांजूरमार्गला दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले आणि तिथेच माझ्या हातात ब्रश आला. काय सांगू तुम्हाला, अक्षर माझं झकास, आणि त्याहून मोठी माझी जीभ. रिक्षात बसलो की सांगायचो, ती पाटी बघितलीस ना, ती माझी. रिक्षावाला म्हणायचा, काका, रस्ता बघू का पाटी बघू?

पुढे मी तेल वाहणाऱ्या टँकर-बोटीवर पंपमन झालो. माझ्या ताईचा नवरा, दिलीप भावोजी, कांदिवलीला फिटर होते, शांत माणूस, पाण्याला भ्यायचे, त्यांनाही मीच बोटीवर ओढलं. म्हटलं, चला हो, समुद्रात खड्डे नसतात. तर अशी माझी अक्कल.

शेवटच्या बोटीवर काय झालं, ज्या देशाचं तेल कोणी घ्यायचं नाही असा मोठ्या देशांचा हुकूम होता, तेच तेल आमची कंपनी गुपचूप आणत होती. बोट कुठे आहे ते जगाला सांगणारं यंत्र कप्तानाने बंद केलं, आणि मग वरून निरोप आला, बोटीचं नाव बदला. रंगारी कोण, तर मी. बोटीच्या मागच्या अंगाला दोरांवर फळी सोडतात, ती पाळण्यासारखी झुलते, आणि त्या झुलण्यावरूनच माझ्या डोक्यात किडा आला. आमच्याकडे होडीला नाव घातलं की नारळ फोडतात, कुंकू लावतात. भावोजी म्हणाले, राहू दे रे, चोरीचं काम आहे हे. मी म्हटलं, चोरीचं झालं म्हणून काय बारसं नको? भटारखान्यातून नारळ आणला, फोडला, कुंकू लावलं, भावोजींच्या हातात ब्रश दिला, म्हटलं, धरा हो, फोटो जिवंत येईल. आणि टाकला वाडीच्या ग्रुपवर, आमच्या बोटीचं बारसं, अक्षर माझं म्हणून. अंगठे आले, फुलं आली, एका काकीने विचारलं, मुलगा की मुलगी?

बोटीवरची अक्षरं वेल्डिंगने उठवलेली असतात हो. ओल्या रंगाखाली जुनं नाव फोटोत स्वच्छ दिसत होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही, मी आपला माझं वळण बघत होतो.

तो फोटो वाडीतून कुठे कुठे फिरला, देव जाणे. काही दिवसांनी एका देशाच्या नौदलाने आम्हाला अडवलं, बंदरात नेलं. खोलीत साध्या कपड्यातला माणूस, हिंदी बोलणारा, सगळे म्हणाले गुप्तहेर खात्याचा आहे. त्याने फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं, नाव कोणी रंगवलं? आता फोटो काढणारा फोटोत नसतो. फोटोत भावोजी, हातात ब्रश. आणि तुम्हाला खरं सांगतो, रिक्षावाल्याला, वाण्याला, न्हाव्याला, सगळ्यांना माझं अक्षर माझं अक्षर करून पिडलेला मी, त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसलो. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. तेही गप्प बसले.

आम्हाला सोडलं, त्यांना ठेवलं.

घरी आल्यावर ताई एवढंच म्हणाली, मेल्या, तुका कोणी सांगलेला रे नारळ फोडूक? ब्रशचं तिला तेव्हा मी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मी कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात गेलो, भावोजींचं काय ते विचारायला. काचेच्या केबिनमध्ये सल्लागार म्हणून कोण बसलेला, तर तोच, साध्या कपड्यातला. आता कोट होता. मला चहा दिला. मी म्हटलं, साहेब, ते अक्षर माझं होतं. तो म्हणाला, माहीत होतं आम्हाला, तुमच्या ग्रुपवर तुम्ही स्वतःच लिहिलं होतं ना. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, बोट अडवणारा देश आणि भारत, दोन्ही सरकारांची तेलाची बोलणी चालू आहेत, ती होईपर्यंत हातात एक माणूस लागतो, तुम्ही काय, तो काय. चहात साखर बरोबर होती. मी पूर्ण प्यालो.

त्या दिवशी ताईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, ते निवडून झाले. मग टीव्ही लावला. आता रोज लावते, कोणता मंत्री कुठे गेला, कोणाशी हात मिळवला, बघते. मंत्री विमानातून उतरला की डब्यात आवळ्याचं लोणचं आहे ना ते बघून येते, भावोजींना आवडतं. मंत्री परत येतो. टीव्ही बंद करते. आम्ही जेवतो.

गेल्या आठवड्यात तिने दारावरची भावोजींच्या नावाची पाटी काढून माझ्यापुढे ठेवली, अक्षरं उडालीत म्हणाली. मी ब्रश घेतला आणि जुन्या नावावर तेच नाव पुन्हा काढलं, दिलीप, सावकाश, एकेक वळण. ती म्हणाली, बरं झालंय. पाटी लावली. फोटो काढला नाही.