गुरुवारी हरवलेला वायरमन

दि. १६/०५/२०२५, वेळ दुपारी २.१५

सौ. सोनाली बलभीम कानडे, वय ३४ वर्षे, व्यवसाय घरकाम व शिलाई, रा. अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझे पती बलभीम व सासूबाई धुरपताबाई असे राहतो. पती वीज कंपनीत वायरमन आहेत. त्यांची ड्युटी कागदावर आठ तासांची आहे. तो कागद मी स्वतः पाहिलेला आहे. मोबाईल मात्र चोवीस तास चालू ठेवण्याचा तोंडी आदेश आहे. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. लग्नाला अकरा वर्षे झाली, त्यात ते गुरुवारी दुपारी घरी जेवल्याचे मला दोनदा आठवते. त्यातल्या एका वेळी त्यांना कावीळ झाली होती.

दि. ११ रोजी वादळाने आमच्या भागातले सतरा खांब पडले. तेव्हापासून चार दिवसांत पती एकूण सात तास झोपले. हे अंदाजाने सांगत नाही, मी जागीच होते. बुधवारी ते जेवता जेवता झोपले व घास हातात तसाच राहिला. सासूबाईंनी तो काढून घेतला.

दि. १५ रोजी गुरुवार होता. सकाळी पावणेसातला फोन आला व पती सायकलवर गेले. खांबावर चढण्याआधी वायरमन उपकेंद्रातून परमिट घेतो, म्हणजे तेवढी लाईन बंद ठेवल्याची नोंद करून घेतो. ज्याच्या नावाने परमिट, त्यानेच ते परत करायचे असते. तोवर साहेबांनी सांगितले तरी ऑपरेटर लाईन चालू करत नाही. पतींनी सव्वासातला गावठाणच्या लाईनचे परमिट घेतले होते.

साडेनऊला मी भाकरी घेऊन त्यांच्या कामाच्या ठिकाणी, माळावर गेले. पती लिंबाखाली, हेल्मेट उशाला घेऊन झोपलेले होते. पकड हातातच होती. खिशातला फोन वाजत होता. मी हाक मारली तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, "सोना, परमिट गावठाणचं घेतलं, अन् चढलो शेतीच्या खांबावर. हात पुढं केलता. वीतभर राहिलं व्हतं. मंग ध्यानात आलं, खाली उतरलो." एवढे बोलून ते पुन्हा झोपले.

शेतीची लाईन चालू होती. मागच्या वर्षी शेजारच्या गावातले एक वायरमन असेच गेले. त्यांच्या पत्नीला मी भेटायला गेले होते. त्याबद्दल मला इथे काही सांगायचे नाही. पतींना आठ तास कोणी उठवू द्यायचे नाही, एवढे मी त्या लिंबाखाली ठरवले.

फोन बंद कसा करतात हे मला माहीत नव्हते, कारण तो बंद झालेला मी कधी पाहिला नाही. म्हणून मी तो घरी नेऊन ज्वारीच्या कोठीत खोल खुपसला.

साडेअकराच्या सुमारास गिरणीवाले धुळाप्पा व इतर वीस-पंचवीस माणसे लाईट कधी येणार म्हणून दारात जमा झाली. उपकेंद्रातले ऑपरेटर रणधीर लाईन चालू करायला तयार नव्हते. त्यांनी मंडळींना सांगितले होते, "बलभीम तारंवर असंल तर? म्या बटन दाबनार न्हाय." त्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले. पण मंडळी माळाकडे निघाली. तेव्हा मी म्हणाले की पती जळकोटच्या बाजूला गेले आहेत. कोणाला पटेना. म्हणून मी या ठाण्यात येऊन १२.४० वाजता पती हरवल्याची तक्रार दिली व शेवटचे जळकोटकडे दिसले असे लिहून दिले. पोलिसात लिहून दिल्यावर सगळ्यांना पटले. वीज कंपनीच्या साहेबांची जीप व एकोणीस मोटारसायकली जळकोटला गेल्या. गाव मोठे आहे, शोधायला वेळ लागतो, म्हणून मी ते निवडले.

दुपारी चारला एक हवालदार पतींचा फोटो नेण्यासाठी घरी आले. त्यांनी खात्रीसाठी पतींचा नंबर लावला. तेव्हा ज्वारीच्या कोठीतून "येळकोट येळकोट" असा आवाज आला. पतींच्या फोनची रिंग तशी आहे. सासूबाईंना ते माहीत नव्हते. "खंडोबा बोलला गं! माझं लेकरू सुखरूप हाय," असे म्हणून त्यांनी कोठीला भंडारा वाहिला. हवालदारांनीही टोपी काढून हात जोडले. मग त्यांनी कोठीत हात घालून फोन बाहेर काढला. त्यावर एकशे बारा कॉल येऊन गेले होते.

मी सगळे खरे सांगितले व साडेपाचला आठ तास पुरे होतात, तोवर थांबा अशी विनंती केली. हवालदार म्हणाले, "बाई, म्या कालपासनं बंदोबस्तावर हाय. आठ तास म्हंजी किती, ते बी इसरलोय." मी चहा ठेवला. चहा झाला तेव्हा ते बाजेवर झोपलेले होते. मी त्यांनाही उठवले नाही. त्यांचे नाव जबाब लिहून घेणाऱ्यांनी मला विचारलेले नाही.

सहाला मी माळावर गेले तेव्हा पती नुकतेच उठून बसले होते. त्यांनी आज वार कोणता असे विचारले. मी गुरुवार म्हणाले. "मंग सुट्टीच हाय की," असे म्हणून ते परमिट परत करायला गेले. पावणेसातला लाईट आली.

धुळाप्पांची गिरणी दिवसभर बंद राहिली, याचे मला वाईट वाटते. त्यांनी दुपारीच पतींच्या फोटोला हार घालून श्रद्धांजलीचे स्टेटस ठेवले होते, त्याचे त्यांना वाईट वाटते. आमचे आपसात मिटलेले आहे.

आज सकाळी पतींना कार्यालयाची नोटीस आली. सुट्टीच्या दिवशी परवानगी न घेता झोपल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा मागितला आहे. मला याचा फार राग आला आहे, तेही लिहून घ्यावे.

खोटी तक्रार का दिली, असे विचारल्यावरून सांगते की, तक्रारीत मी "माझे पती मिळून येत नाहीत" असे लिहून दिले होते. अकरा वर्षे ते मिळून येत नाहीत, तेव्हा मी कधी ठाण्यात आले नाही. काल मात्र सकाळी साडेनऊ ते सहा ते कुठे आहेत, हे मला पक्के माहीत होते. असा तो पहिलाच दिवस.

जबाब लिहून घेणारे हवालदार साहेब हा मजकूर मला वाचून दाखवत होते. जळकोटपर्यंत आले आणि त्यांची मान खाली गेली. पुढचा भाग मी स्वतःच मनात वाचून घेतला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. या शेवटच्या ओळी मी माझ्या हाताने लिहीत आहे. सही करून कागद त्यांच्या कोपराजवळ ठेवला आहे. ते उठले की त्यांनी त्यांची सही करावी, घाई नाही.

सौ. सोनाली बलभीम कानडे